पेटी द्यायची की नाही

आषाढात भाच्याचा फोन आला. "आत्या, आजोबांची पेटी श्रावणापासून गणेशचवथीपर्यंत मिळेल का?" मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. हे "बघू" मग चांगलंच लांबलं. त्या काळात भावाशी एक वाद झाला, एका कारागिराकडे जाऊन आले, आणि एक बासरीवाला मुलगा माझ्यावर रुसला.

पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूला सगळे पेटीच म्हणतात. आजोबांनी ती मुंबईत घेतली आणि बोटीने पणजीला आणली, गोवा मुक्त व्हायच्या कितीतरी आधी. धक्क्यावर पोर्तुगीज कस्टमवाल्याने भाता उघडायला लावून आत हात घातला होता, हे आजोबा प्रत्येक चवथीला सांगत. आत काय सापडलं विचारलं तर म्हणत, "सा सापडला." सागवानी अंग, खर्ज-नर जोड, जर्मन रीड, पुढच्या खटक्यांपैकी एकाची गोल मूठ गेलेली आणि तिथे बाबांनी बसवलेलं शर्टाचं बटण. तिची किंमत बाजारात किती होईल ते मी कधी काढलेलं नाही. काढायचीही नाही.

आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारात उभं केलं नव्हतं. आमच्या देवळातल्या भजनाचं त्याने काही अडलं नाही. आजोबांनंतर बाबा बसले. बोरीचे पेटीवादक पं. तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली त्या संध्याकाळी बाबांनी पेटी काढली, पुसली आणि न बोलता भीमपलास वाजवला. बोटं तेव्हा वळत नव्हती, पण भाता अगदी एकसारखा चालला होता. पेटी म्हटलं की मला बाबांची उजवी बोटं आठवत नाहीत, भात्यावरचा डावा हात आठवतो.

असं काही असलं की माणूस "देऊ का नको" यात अडकतो. पण भावनेपाशी मी फार वेळ थांबले नाही, कारण आधी एक अडाणी प्रश्न उभा राहिला: पेटी आहे कुणाची?

भाऊ माझ्यापेक्षा लहान. तो म्हणाला, "विचारतेस काय? घरातल्या घरात." वहिनीने पुढे जोडलं, "तुमच्याकडे आहे म्हणजे तुमचीच झाली का?" टोमणा होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी यांचा वारसा सारखा. आता त्यासाठी २०१२ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, पण तत्त्व तेच. बाबा गेल्यावर आम्ही घर, बागायत, बँकेतले पैसे सगळं रीतसर वाटून घेतलं. त्या कागदांत पेटीचा उल्लेख कुठेच नाही. ती माझ्याकडे आली कारण माझ्या घरात कोरडी खोली होती आणि भाऊ वास्कोला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. म्हणजे कायद्याने बघायचं तर अर्धी पेटी भावाची. अर्धी पेटी वाजत नाही, तो भाग वेगळा.

मी तीसेक वर्षं फोंड्यात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते, त्यामुळे अशा गोष्टी डोक्यात फिरतात. भावाला म्हटलं, "अर्धी तुझी आहे हे मान्य. पण सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा कुठे जाते ते मी ठरवीन आणि तुला सांगीन." तो हं म्हणाला. आमच्या घरातला हा जुना तोडगा. मालकी दोघांची, कटकट एकाची.

दुसरी गोष्ट जुनी. लोक म्हणत, तुझे बाबा कुणालाही पेटी द्यायचे. आठवून बघितलं तर ते खरं नव्हतं. पेटी गावभर फिरली: जत्रेच्या नाटकाला, शिमग्याला, कुणाच्या बारशालासुद्धा. पण प्रत्येक वेळी बाबा तिच्यासोबत गेले. पेटी मागायला आलेल्याला ते विचारत, "जेवण आहे का?" म्हणजे मी येतोय. त्यांच्याशिवाय ती फक्त एकदा गेली, एका नाटक मंडळीकडे, कारण त्यांना ताप होता. परत आली तेव्हा भात्याच्या घडीवर सेलोटेप लावलेला होता. कुणी लावला, का लावला, कुणालाच ठाऊक नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी त्या मंडळींना "पेटी दुरुस्तीला गेलीय" असं सांगितलं आणि ती आतल्या खोलीत पलंगाखाली होती. तेव्हा बाबांच्या उदारपणाचा दाखला मला देऊ नका, असं मी वहिनीला सांगितलं.

मी काही भाच्याबरोबर वास्कोला जाऊन बसणार नव्हते. मला पेटी वाजवता येत नाही, भाताही धड हलवता येत नाही.

मग कारागिराकडे नेली. ऑफिसात कुणी दस्त करायला आला की साहेब आधी जुने कागद मागवत. इथेही तेच: वस्तू आज कशी आहे ते आधी बघावं. म्हातारे गृहस्थ, घराच्या पडवीतच काम करतात. त्यांनी वरचं झाकण काढलं, पट्ट्यांची फळी उचलली आणि रीडचा तक्ता माझ्या समोर धरला. पितळेच्या छोट्या पट्ट्या, प्रत्येकीत एक जीभ कापलेली, खर्जाची लांब आणि वर वर जाता जाता नखाएवढी. त्यांनी भिंग दिलं. जिभांवर बारीक ओरखडे होते, काहींच्या टोकाकडे, काहींच्या मुळाशी.

"हे बघा," ते म्हणाले. "टोकाकडे खरवडलं की सूर चढतो. मुळाशी खरवडलं की उतरतो. पेटी लावणं म्हणजे हेच. पण प्रत्येक वेळी पितळ थोडं जातं. गेलेलं पितळ परत येत नाही. या मध्यमाला बघा किती वेळा हात लागलाय. अजून एकदोनदा कुणी अडाण्याने खरवडला तर तुटेल, आणि या मापाची जर्मन जीभ मला आता मिळत नाही. गुजरातेतल्या पालिताण्याची मिळेल. चांगली असते, पण आवाज वेगळा."

मी इतके दिवस घाबरत होते ते पडण्याला, पावसाला, उंदराला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चामडं बुरसतं, लाकूड फुगतं, पट्टी अडकते, बनातीला कसर लागते. म्हणून मी पावसाळाभर कपाटात शून्याचा बल्ब लावून ठेवते. कारागीर म्हणाले, ते सगळं दुरुस्त होतं. भाता नवा बसतो, चामडं नवं लागतं. "पडली तर माझ्याकडे आणा. पण कुणी 'जरा लावून घेतो' म्हणाला तर पेटी घेऊन पळा."

आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. फोनवर सूर मोजायचं यंत्र लावून काळी एक वाजवली. काटा उजवीकडे गेला. आमची पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापापेक्षा चढी आहे. थोडीच, पण आहे. जुन्या पेट्यांचं असं असतं.

घरी येताना बसमध्ये मला कळलं की खरा प्रश्न हा आहे. भाचा पेटी नीट ठेवील यात मला शंका नव्हती. मुलगा सरळ आहे. पण त्याच्या भजनी मंडळात इलेक्ट्रॉनिक तानपुरा असणार, एखादा कीबोर्ड असणार, ते सगळे ४४० वर. पहिल्याच तालमीला कुणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणणार, "पेटी चढी आहे रे, लावून घे." आणि ते म्हणणारा काही दुष्ट नसणार. त्याचा कान चांगला असणार, एवढंच.

तेव्हा मी भाच्याला विश्वासाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारले ते असे प्रश्न: तालीम कुठे होते? पेटी रात्री कुठे राहील? नेणार कशातून? मंडळात आणखी कोण वाजवतं? आणि तुमच्यात सूर कोण देतं?

उत्तरं त्याने प्रामाणिकपणे दिली, हेच वाईट झालं. नेणार कशातून, तर "स्कूटरवर, पायांत ठेवून." तालीम देवळाच्या सभामंडपात, तिथल्या खिडक्यांना काचा नाहीत. मंडळात आणखी दोघांना पेटी येते. आणि पेटी हवी होती तीन गोष्टींसाठी: कला अकादमीची भजन स्पर्धा, जी मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने होते, वास्कोचा दामोदर सप्ताह, आणि चवथीच्या आरत्या.

सप्ताहाला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो आणि चोवीस तास भजन अखंड चालतं. मंडळी बदलतात, वाजवणारे बदलतात, पेटी तिथेच राहते. पहाटे तीनला तिच्यावर कुणाचा हात असेल ते देव दामोदरालाच ठाऊक. चवथीच्या आरत्यांनाही नाही. घुमट, शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कांसाळ्या म्हणजे झांजा, यांच्या गजरात तिथे पेटी कुणाला ऐकू येते? वर एका घरातून दुसऱ्या घरी भर पावसातून जायचं, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली दाटीवाटीने बसायचं, कुणाच्या तरी हातातलं पंचखाद्य पट्ट्यांत सांडायचं. त्यासाठी मंडळाची स्वतःची पेटी आहे, ती दणकट आहे, तिला कुणी जपत नाही आणि ती वाजतेही.

उरली स्पर्धा आणि तिच्या तालमी. तिथे ती पेटी हवी असण्याला कारण होतं. भाच्याने त्याच्या आजोबांची एक जुनी कॅसेट ऐकली होती आणि गवळणीला तोच आवाज हवा असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मंडळाची नवी स्केलचेंजर पेटी मोठ्याने बोलते. ही पेटी गाणाऱ्याच्या मागून बोलते. हे वर्णन त्याचं, आणि ते ऐकून मी थोडी विरघळले हे कबूल.

तरी सुराचं काय, ते राहिलंच होतं. मी त्याला म्हटलं, मंडळाचा तानपुरा आणि वाजवणारे घेऊन फोंड्याला ये. एका रविवारी ते आले, माझ्या ओसरीवर बसले. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला बारीक सूर फिरवायचं बटण असतं. ते थोडं फिरवलं आणि तो पेटीला येऊन मिळाला. तबला-पखवाज तर हातोडीने हवे तिथे लागतात. कीबोर्ड त्यांच्याकडे नव्हताच. सगळं जमलं असं वाटत असतानाच बासरीवाल्याने फुंक मारली. बासरी बांबूची. भोकं पाडली तेव्हा जो सूर ठरला तो ठरला. फुंकेने थोडा चढवता येतो, पण अख्खा अभंग तसा काढायचा म्हणजे शिक्षा.

तो बिचारा घामाघूम झाला आणि शेवटी म्हणाला, "पेटीच लावून घेतली तर?"

ओसरीवर सगळे गप्प. मी भाच्याकडे बघत होते. माझ्या मनात तेव्हाच ठरलं होतं की आता याने "बघू" म्हटलं तर पेटी जाणार नाही. भाचा म्हणाला, "नाही. पेटीला हात लावायचा नाही. गवळणीत बासरी नको, फक्त पेटी ठेवू. गजराला तू ये, तेव्हा मंडळाची पेटी घेऊ." मी पुढे काही बोलायच्या आतच त्या दोघांची जुंपली. अर्ध्या तासाने चहा झाला आणि ते ठरलं. तो मुलगा अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तशीच बोलले असते.

मी पेटी द्यायचं ठरवलं ते त्या संध्याकाळी. आणि लगेच कागद करायला बसले.

कागदावरून भाऊ भडकला. "पोटच्या पोरासारखा भाचा, आणि त्याच्याशी करारनामा?" मी म्हटलं, वकिलाकडे तीस वर्षं घालवली, मला एवढा शौक तरी करू दे. पण गंमत बाजूला ठेवली तर त्या कागदाने मलाच जास्त शिकवलं. भारतीय करार कायदा, १८७२ चा, त्यात उसन्या वस्तूंवर एक अख्खं प्रकरण आहे. कलम १५० सांगतं की वस्तू देणाऱ्याने तिचे ठाऊक असलेले दोष आधी सांगायचे. म्हणून मी लिहिलं: मध्यमाची जीभ अशक्त आहे, दुसरा खटका ओढताना वर उचलावा लागतो, भात्याची डावी घडी बदललेली आहे. लिहिताना जाणवलं की हे बाबांनी मला कधी नीट सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं आणि हाताबरोबर गेलं. कारागिरांमुळे निदान कागदावर आलं.

कलम १५१ म्हणतं, घेणाऱ्याने साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. भाच्याच्या मोबाईलची काच बघता त्याच्या स्वतःच्या वस्तूंचं माप मला पुरणारं नव्हतं, म्हणून तपशील घातले. नेणं-आणणं चारचाकीतूनच. रात्री पेटी घरात, समुद्राकडच्या खोलीत नाही. वाजवणार तो एकटा. रीडला कुणीही हात लावायचा नाही; पट्टी अडकली तर फोन, मग कारागीर. १५४ प्रमाणे ठरल्याबाहेर वापरली तर नुकसान त्याचं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते १५९. फुकट दिलेली वस्तू मालक मुदतीआधीही परत मागू शकतो. पण घेणाऱ्याने तुमच्या शब्दावर विसंबून काही केलं असेल आणि मध्येच काढून घेतल्याने त्याला झालेल्या फायद्याहून जास्त नुकसान होणार असेल, तर तो वरचा फरक तुम्ही भरून द्यायचा. हे वाचून मी स्वतःला विचारलं: स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, मुसळधार पावसात, रात्री दोनला मला धडकी भरली तर? मी फोन करून "आण परत" म्हणणार का? म्हणणार असेन तर आत्ताच नाही म्हणावं. आपल्याकडे अशी माणसं फार. वस्तू देतात आणि रोज चौकशी करतात, दिलेल्याचं सुख ना देणाऱ्याला ना घेणाऱ्याला. माझी एक मावशी लग्नात घालायला दिलेल्या हारावर पंगतीत नजर ठेवून बसायची; त्या नवरीने पहिला घास सुद्धा मान वाकडी करून खाल्ला.

म्हणून कागदावर एक ओळ माझ्यासाठी घातली: देणारी आठवड्यातून एकदाच चौकशी करील, रविवारी. भाचा सही करताना याच ओळीवर हसला.

भाऊ गाडी घेऊन आला. मी फोनवर रीडच्या तक्त्याचे, भात्याचे, चारही कोपऱ्यांचे फोटो काढून तिघांना पाठवले. पट्ट्यांवर सुती कापड घातलं, खटके आत केले, कपलर बंद केला, भात्याची कडी लावली. पेटी मागच्या सीटवर, बेल्टमध्ये. बटणाची मूठ भाच्याने अंगठ्याने एकदा चाचपली. बोरीच्या पुलापर्यंत गाडी पोचली असेल तेव्हा मी कपाटातला बल्ब बंद केला, विजेचं बिल कशाला वाढवा.

स्पर्धेत त्यांना नंबर आला नाही. गवळण ऐकायला मी गेले होते. पहिल्या अंतऱ्याला भाच्याचा भाता घाईत होता, दुसऱ्याला स्थिरावला. परीक्षकांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना माहीत, मला आवाज ओळखीचा लागला. मध्यम टिकला.

मुदत चवथीच्या आधी संपली आणि पेटी त्याच दिवशी परत आली, कोरडी. आता भाच्याचं नवं म्हणणं आहे: कार्तिकात दोन कार्यक्रम आहेत, तोवर पेटी त्याच्याकडेच ठेवली तर? रोजचा रियाज होईल, आणि आत्याच्या कपाटात ती नुसती बसून असते. वहिनीने या वेळी टोमणा मारला नाही. उलट म्हणाली, समुद्राकडची खोली आम्ही रिकामी केलीय, पेटी आतल्या खोलीत राहील.

या वेळचा प्रश्न वेगळा आहे. तेव्हा उसनी मागितली होती, आता ठिकाणच बदलायचं म्हणतोय, आणि अर्धी पेटी त्याच्या बापाची आहे हे मीच बोलून बसले आहे. मी त्याला सांगितलं, आधी कारागिरांकडे जाऊ. तू, तुझे बाबा आणि मी. तक्ता उघडू दे, गेल्या वेळचे फोटो शेजारी धरू, जिभांवर नवा ओरखडा नाही ना ते बघू, मग बोलू. पुढच्या शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. भाऊ म्हणतो त्याला सुट्टी नाही. मी म्हटलं, मग रजा टाक.